घाना बाकी होता

देवीदास रामटेके रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झाले आणि महिना-दोन महिन्यांतच घरच्यांना कळून चुकलं, की या माणसाच्या हाताला काम नसलं तर तो दुसऱ्याच्या कामात हात घालतो. जन्मभर त्यांनी क्रेन चालवली होती. तापलेल्या रसाची बादली इकडून तिकडे न्यायची, म्हणजे नजर कशी सारखी जागी लागते. ती जागी नजर आता रायपूरच्या गुढियारी वस्तीतल्या त्यांच्या छोट्या घरात फिरायला लागली. भाजी जाड चिरली, नळ नीट बंद केला नाही, कुकरला शिटी एक जास्त झाली. सरलाबाईंनी काही दिवस ऐकून घेतलं, मग सकाळचा स्वयंपाक आटोपला की सरळ विहारातल्या महिला मंडळात जाऊन बसायला सुरुवात केली. मुलगा प्रफुल्ल रेल्वेच्या वॅगन कारखान्यात. तो सकाळीच डबा घेऊन निघे. घरात उरे ती सून चेतना.

चेतना नागपूरची पोरगी. पुढच्या खोलीत लॅपटॉप उघडून ती पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. काम काय, ते देवीदासांनी कधी विचारलं नव्हतं. कोणी विचारलं तर ते सांगत, "सून कॉम्प्युटरवर काहीतरी करून राहते," आणि विषय बदलत. कारखान्यात माणूस काम करतो तेव्हा घाम येतो, आवाज येतो, धूर निघतो; पोरीच्या कामातून यातलं काहीच निघत नव्हतं.

त्या बुधवारी मात्र चेतना चहा करायला आत आली आणि गॅस न पेटवताच ओट्याला टेकून उभी राहिली. चेहरा पार उतरलेला. देवीदासांनी विचारलं, तर पहिल्यांदा ती काही नाही म्हणाली. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा भरभर सांगून मोकळी झाली.

गोष्ट अशी होती. तिची कंपनी दर वर्षी वेगवेगळ्या देशांतल्या घरगुती नेटची तुलना करायची. कोणत्या देशात माणसाला घरच्या नेटसाठी महिन्याला किती मोजावे लागतात आणि त्या पैशात स्पीड किती मिळतो. आजवर सगळं काम जाहिरातीतल्या आकड्यांवर चाले. या वर्षी तिच्या वरच्या विनीता मॅडम म्हणाल्या, जाहिरात म्हणजे लग्न जमवतानाचा फोटो. खरं तोंड बघायचं तर घरात जावं लागतं. म्हणून वीस देशांतल्या एकेका खऱ्या घराचं खरं बिल हवं, आणि त्याच घरात, त्याच लाइनवर मोजलेला स्पीड हवा. हे काम चेतनाकडे आलं. तिने सतरा देश जमवले होते. तीन अडले होते: किरगिझस्तान, रोमानिया आणि घाना. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत अहवाल जायचा होता.

"लोकांले मेसेज केला की ते मले फ्रॉड समजतात," ती म्हणाली. "बिलाचा फोटो मागितला की ब्लॉक. आता तर कोनी ओळखीचं असल्याशिवाय होतच नाही, बाबा. आनि ओळखीचं कोन हाये आपलं तिकडे?"

देवीदासांनी तिच्याकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारला.

"किरगिझस्तान म्हंजे ते बिश्केक का? अवं, आपल्या हरिदासची पिंकी डॉक्टरी शिकून राहिली ना तिथं."

चेतना या घरात येऊन दोन वर्षंच झाली होती. मोहल्ल्यातली कोण पोरगी कुठे शिकते, हे तिला कुठून कळणार? देवीदास मात्र उठलेही होते. चहाचं भान कोणालाच उरलं नाही. पायात चपला अडकवत ते निघाले आणि चेतना लॅपटॉप उघडाच टाकून त्यांच्या मागे.

हरिदास बन्सोड तीन गल्ल्या सोडून राहत. त्यांच्या ओसरीवर बसून पिंकीला व्हिडिओ कॉल लावला. पिंकी तीन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायची. मागे भिंतीवर हाडांची नावं लिहिलेले कागद चिकटवलेले दिसत होते. तिला मराठी सगळं कळे, पण उत्तर हिंदीतूनच येई. चेतनाने नीट समजावून सांगितलं, तशी ती खुश होऊन म्हणाली, "भाभी, बिल तो मेरे ही नाम पे है. रुको." जरा वेळाने बिलाचा फोटो आला, आणि मग तिने मोबाइल लॅपटॉपसमोर धरून स्पीड मोजायला सुरुवात केली. पडद्यावर गाडीच्या मीटरसारखं एक गोल चक्र आलं आणि त्यातला काटा झपाझप चढू लागला.

देवीदासांनी ही चीज पहिल्यांदाच पाहिली. काटा चाळीसवर गेला, साठवर गेला, ऐंशी ओलांडून थरथरत थांबला.  कारखान्यात भट्टीच्या तापमानाचा काटा असाच चढायचा, आणि तो हव्या त्या आकड्यावर पोचला की पूर्ण शिफ्टच्या अंगात वारं संचारायचं. निवृत्तीनंतर तसं काही अंगात संचारलं नव्हतं. आज संचारलं.

"अठ्ठ्याऐंशी," चेतना म्हणाली. "आनि बिल आपल्या पैशात साडेआठशेच्या आसपास. मस्त हाये."

"आनि आपल्या घरचं किती?" देवीदासांनी विचारलं.

घरचं बिल महिन्याला सहाशे, तिने सांगितलं, आणि मोजलं तर ब्याण्णव येतं. म्हणजे गुढियारीने बिश्केकला हरवलं होतं. हरिदासांना ते तितकंसं आवडलं नाही. पण देवीदास घरी येईपर्यंत चेतनाला एकामागून एक देश विचारत राहिले. जर्मनीत किती? ती म्हणाली, म्युनिकच्या एका घराने पाठवलं आहे, साडेचार हजार रुपये, आणि स्पीड पंचेचाळीस. देवीदास गल्लीतच थांबले. जर्मनीची यंत्रं त्यांनी कारखान्यात हाताळली होती. त्या लोकांच्या कामाबद्दल त्यांना फार आदर होता. त्यांनी तिला पुन्हा आकडा सांगायला लावला. तोच आला. तिने सांगितलं, तिकडे पुष्कळ घरांत अजून जुनी टेलिफोनची तांब्याची तार आहे, आपल्याकडे उशिरा काम झालं म्हणून एकदम काचेची तार आली.

"म्हंजे उशिरा आलो म्हनून पुढं गेलो," देवीदास म्हणाले, आणि हा विचार त्यांना इतका आवडला की रात्री प्रफुल्ल घरी आल्यावर त्यालाही तो ऐकावा लागला.

गुरुवारी सकाळी आंघोळ होताच त्यांनी स्कूटर काढली. रोमानियाचा माणूस त्यांना रात्रीच अंथरुणात आठवला होता. गोल बाजारात गंगाधर गजभियेचं भांड्यांचं दुकान होतं, आणि गंगाधरचा यशदीप वेल्डिंगच्या कामावर युरोपात कुठेतरी गेला होता. युरोप म्हणजे रोमानियाच असेल असं नाही. पण विचारायला काय जातं? चेतनाला मागे बसवून ते निघाले. सरलाबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अजी, काही खाऊन तं जा." तोवर स्कूटर वळणापलीकडे गेली होती.

गंगाधरच्या दुकानात स्टीलच्या डब्यांच्या चळती छतापर्यंत गेलेल्या. दोन बायका परातीचा भाव करत होत्या. देवीदासांनी भाव तुटायची वाट पाहिली नाही. यशदीप कुठे असतो ते त्यांनी सरळ विचारलं, आणि गंगाधरने क्लुज असं काहीतरी नाव घेतलं. चेतनाने डोळे मिटले आणि उघडले. क्लुज रोमानियातच होतं.

मग त्या दुकानात जे झालं, ते गंगाधरने पुढे कितीतरी दिवस गिऱ्हाइकांना सांगितलं. यशदीप फोनवर आला तेव्हा तो नुकताच उठला होता. त्या दिवशी त्याची दुपारची पाळी होती. खोलीत चौघे राहत, आणि लाइन त्यांच्यातल्या एकाच्या नावावर होती. त्या मित्राने हो म्हटलं, बिलाचा फोटो आला. मग यशदीपने काटा सुरू केला. परातीवाल्या बायकाही आता काउंटरवरून वाकून बघत होत्या. समोरच्या कापडवाल्याचा माणूस आत आला. काटा शंभरावर पोचला आणि थांबलाच नाही. दोनशे. चारशे. सातशे. देवीदासांना वाटलं मशीन बिघडलं. नऊशे चाळीसवर तो टेकला.

"बिल किती?" गंगाधरने विचारलं.

आपल्या पैशात हजारही नाही, यशदीप म्हणाला. त्याला यात नवल काहीच वाटत नव्हतं. "बाबूजी, यहाँ नेट सस्ता है. प्याज महँगा है."

देवीदासांनी त्याला पुन्हा एकदा मोजायला लावलं. आकडा एक-दोनने हलला, इतकंच. परातीवाल्या बाईने विचारलं की हे नऊशे म्हणजे काय. देवीदासांनी, कालपर्यंत ज्यांना स्वतःला ते ठाऊक नव्हतं, तिला आपल्या घराशी ताडून समजावून सांगितलं. चेतना बाजूला उभी राहून ऐकत होती. सासऱ्यांनी एक आकडा चुकवला. तिने तो हळूच दुरुस्त केला, आणि त्यांनी तो तिच्या नावानिशी दुरुस्त केला. "आमची सून सांगते, तिचं कामच ते हाये." असं ते पहिल्यांदाच म्हणाले होते.

घरी परतल्यावर त्यांनी चेतनाच्या शेजारी खुर्ची ओढली. तिने पडद्यावर सगळे देश एकाखाली एक मांडून दाखवले. नुसत्या बिलात आपलं घर सगळ्यांत स्वस्त होतं. पैसे आणि स्पीड यांचा मेळ घातला तर रोमानिया कोणाला हात लावू देत नव्हता. पण शेवटी आणखी एक रकाना होता, जो तिने स्वतःच्या मनाने घातला होता: त्या घरातल्या कमावत्या माणसाला एका महिन्याच्या बिलासाठी किती दिवस राबावं लागतं. विनीता मॅडमना तो अजून पटलेला नव्हता.

देवीदासांना तो रकाना समजायला वेळ लागला. मग त्यांनी जर्मनीच्या ओळीवर बोट ठेवलं. साडेचार हजाराचं बिल, पण त्या घरासाठी अर्ध्या दिवसाची कमाई. आपल्या घरच्या ओळीतही अर्धाच दिवस. म्हणजे प्रफुल्लचं सहाशेचं बिल आणि त्या म्युनिकवाल्याचं साडेचार हजाराचं, दोघांच्या खिशाला सारखंच जड. काल गल्लीत थांबून त्यांना ज्याचं नवल वाटलं होतं, ते आज तितकं नवलाचं राहिलं नाही. पण मजा वाढली. आता प्रत्येक ओळीत दोन-तीन गोष्टी दिसायला लागल्या.

"हा तं पाहिजेच," ते म्हणाले. "याच्याशिवाय बाकीचं अर्धंच हाये."

घाना बाकी होता. चेतनाने त्याबद्दल विचारलं की देवीदास "बघू" म्हणत आणि दुसरीकडे बघत. शुक्रवारची दुपार उलटून गेली तरी ते "बघू"च म्हणत होते. शेवटी सरलाबाई विहारातून आल्या, सुनेचा चेहरा पाहिला, काय अडलंय ते ऐकलं, आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "नरहर भाऊजी घानातच हायेत ना? मंग काहून बसले असे?"

तेव्हा चेतनाला कळलं. नरहर वासनिक हा देवीदासांचा कारखान्यातला जिवाचा दोस्त. दोघे एकाच शिफ्टला, एकाच डब्यात जेवणारे. विश्वकर्मा पूजेच्या सुमाराला सिलतऱ्यातल्या कारखान्यांची कबड्डीची स्पर्धा व्हायची; देवीदास संघाचे कप्तान आणि नरहर चढाईचा पठ्ठ्या. सात वर्षांपूर्वी संघ फायनलला पोचला, आणि सामना तोंडावर असताना नरहर घानामधल्या एका पोलाद कारखान्याची नोकरी घेऊन विमानात बसला. तिकीट लवकर आलं, त्याचा इलाज नव्हता. पण संघ सपाटून हरला. देवीदासांनी त्याला फोन करून पुन्हा तोंड दाखवू नको म्हणून सांगितलं, आणि त्यानेही दाखवलं नाही. जुन्या कामगारांच्या ग्रुपवर दर बुद्धपौर्णिमेला त्याच्या शुभेच्छा येत. देवीदास वाचत आणि फोन खिशात ठेवत.

 चेतनाने लॅपटॉपवरच्या घड्याळाकडे एकदा पाहिलं, पण सासऱ्यांना एका शब्दाने आग्रह केला नाही. देवीदासांनी चष्मा लावला, नंबर शोधला आणि फोन लावला.

घंटी बराच वेळ वाजली. मग तिकडून यंत्रांचा घरघराट आला आणि त्यातून नरहरचा आवाज, घाबरलेला.

"कोन मेलं?"

"कोनी नाही मेलं," देवीदास म्हणाले. "तुह्या घरच्या नेटचं बिल पाहिजे होतं."

 मग नरहर हसायला लागला. तो इतका हसला की त्याला खोकला आला, आणि खोकल्यातून तो पुन्हा हसला. देवीदासांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण खांदे हलायला लागले. सरलाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या.

बोलायला सात वर्षांचं होतं, पण वेळ नव्हता. चेतनाने फोन घेऊन काम सांगितलं. नरहर म्हणाला, माझ्या क्वार्टरचं नेट कंपनी देते, बिल मला येतच नाही. चेतनाचा चेहरा पडला. पण तो पुढे म्हणाला, क्वार्टरच्या मागच्या गल्लीत क्वामे नावाचा शाळामास्तर राहतो, त्याच्या घरी स्वतःची लाइन आहे, आणि त्याच्या पोरांना माझ्या हातचा चिवडा फार आवडतो. आपल्याकडे संध्याकाळ व्हायला आली होती, तिकडे अजून दुपारही झाली नव्हती. शाळेला सुट्टी होती म्हणून मास्तर घरी असण्याची आशा होती. नरहरने साहेबाला विचारलं आणि निघाला. व्हिडिओ सुरूच होता. तांबड्या मातीचा रस्ता, भिंतीवर वाळत घातलेले कपडे, एक बकरी, आणि मधूनमधून धापा टाकणारा नरहरचा गाल, एवढंच रायपुरात दिसत होतं.

क्वामे मास्तर घरी होता. उंच, सडपातळ, चष्मेवाला. त्याने आधी सगळं ऐकून घेतलं आणि मग चेतनाला इंग्रजीत विचारलं, माझ्या बिलाचं तुम्ही करणार काय? प्रश्न वाजवी होता. चेतनाने त्याला ते सगळं सांगितलं, नाव कुठे छापणार नाही हे सांगितलं, आणि तो शेवटचा रकानाही सांगितला. मास्तर त्यावर थांबला. म्हणाला, हे बरोबर आहे, हे कोणीतरी विचारायला हवं होतं. माझा तीन दिवसांचा पगार जातो त्यात. आणि बिल आणायला तो आत गेला.

बिल आलं. आपल्या पैशात सव्वीसशे. मास्तरच्या मुलीने कॉम्प्युटरवर काटा सुरू केला, नरहरने मोबाइल तिकडे वळवला. काटा पाचवर आला, अकरावर आला, आणि पडदा काळा झाला. वीज गेली होती.

प्रफुल्ल एवढ्यात कामावरून आला आणि दारातच थबकला. आई, बाप, बायको तिघेही एका मोबाइलभोवती डोकी जुळवून बसलेली, आणि मोबाइलमध्ये एक काळा पडदा. त्याने काय झालं म्हणून विचारलं, तर बापाने हाताने त्याला गप्प बसवलं. तिकडे नरहर सांगत होता की वीज जाते तशी येतेही. तोवर त्याने मोबाइल स्वतःकडे वळवला. केस पार पांढरे झाले होते त्याचे. देवीदासांनी ते पाहिलं. त्यांचे स्वतःचे तर गेलेच होते, तेही नरहरने पाहिलं.

"किती पॉइंटनं हारलो होतो आपन?" त्याने हळूच विचारलं.

"एकोनीस."

"मी असतो तरी हारलो असतो, कप्तान."

देवीदासांनी थोडा विचार केला. "दहानं हारलो असतो," ते म्हणाले.

वीज आली. नेटच्या डब्यावरचे दिवे एकेक करून लागेपर्यंत थांबावं लागलं. मास्तरची मुलगी बोटाने ते मोजत होती आणि इकडे देवीदासही. शेवटचा दिवा लागला. काटा पुन्हा सुरू झाला. अकरा, सोळा, वीस. प्रफुल्लने डबा हातातच धरला होता. काटा तेवीसवर येऊन डगमगला, मागे आला, पुन्हा पुढे गेला आणि तिथेच राहिला.

"तेवीस," चेतना म्हणाली, आणि तिची बोटं धावू लागली. मास्तरला तेवीस कमी वाटले. त्याने सांगितलं की सकाळी यापेक्षा बरं चालतं. चेतनाने ते वाक्यही अहवालात टाकलं. सहाला थोडी मिनिटं असताना तिने बटण दाबलं आणि खुर्चीत मागे रेलली. देवीदासांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. असं काही करायची त्यांना सवय नव्हती, म्हणून हात जरा जोरातच पडला.

विनीता मॅडमचा फोन रात्री जेवताना आला. चेतनाने तो स्पीकरवर लावला, कारण सगळ्यांनीच घास थांबवले होते. मॅडमनी अहवाल वाचला होता. दिवसांचा रकाना त्यांना पटला होता. आता तो शेवटी न ठेवता सगळ्यांत आधी घ्यायचा, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, ही शेवटची तीन घरं तू मिळवलीस तरी कशी? चेतना म्हणाली, "माझे सासरे आहेत ना." देवीदास ताटाकडे बघत राहिले, पण भात कालवायचं विसरले.

पुढच्या वर्षी चाळीस देश घ्यायचे ठरलं आणि ते काम चेतनाच्या हाताखाली दोन माणसं देऊन तिच्याकडेच सोपवलं गेलं. नव्या देशांची नावं तिने देवीदासांना वाचून दाखवली. नरहरचा तर आता एक दिवसाआड फोन येत होता. आफ्रिकेतले चार देश त्याने आपणहून अंगावर घेतले, कारण पोलादाच्या भट्ट्या असतील तिथे आपल्याकडचा माणूस असणारच, असं त्याचं म्हणणं होतं.

देवीदासांनाही ते पटलं. एका सोमवारी सकाळी त्यांनी सिलतऱ्याला स्कूटर घातली आणि पाळी सुटायच्या वेळेला कारखान्याच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर जाऊन उभे राहिले. ओळखीची माणसं भोवती जमली. तब्येत कशी आहे, घरी बसून कसं वाटतं, असं विचारू लागली. देवीदासांनी सगळ्यांना हाताने थांबवलं आणि विचारलं, ब्राझीलमध्ये कोणाचं कोणी आहे का?

 मग मागून क्रेनवरचा एक नवा ऑपरेटर पुढे आला. छत्तीसगढी हेलात आपल्या मेव्हण्याबद्दल तो म्हणाला, "भैया, ब्राझील मा तो नहीं. मोर साला पेरू मा हे. चलही का?"

"हव," देवीदास त्याच्याच बोलीत हो म्हणाले, "चलही," आणि त्याच्यासाठी चहा सांगितला.